सोळाव्या दिवसाचं मीठ

नागपुरात वाईट स्वयंपाक करणारी माणसं पुष्कळ असतील, पण तो स्वयंपाक चार पुडांच्या डब्यात भरून, मोपेडला अडकवून, न बोलावता लोकांच्या घरी पोचवणारी बाई मी एकच पाहिली. आमच्या ढोबळेकाकू. कोराडी रोडवरच्या आमच्या ले-आउटमध्ये कुणाकडे मयत झाली की पहिला डबा त्यांचा पोचायचा आणि शेवटचाही त्यांचाच. मधल्या दिवसांत त्या घरच्या लोकांचे काय हाल व्हायचे ते मला चांगलं माहीत आहे, कारण त्या लोकांत मीही होतो.

काकू बुटक्या, पासष्टीच्या पुढच्या, चालायला तुरुतुरु. डोक्याला आणि तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. मे महिन्यात आमच्याकडे सगळ्याच बाया अशा हिंडतात, पण काकू डिसेंबरातही तशाच. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तोंड झाकलं असलं म्हंजे कोणी रस्त्यात थांबवत नाही. थांबलं की डबा थंडा होते." नवरा कधीचाच गेलेला, मुलगा हैदराबादला नोकरीत. घरी एकट्या. दिवाळीला सगळ्या ले-आउटमध्ये फराळाच्या ताटल्या इकडून तिकडे फिरायच्या, पण काकूंच्या घरून कधी वाटीभर चिवडाही बाहेर पडला नाही. माझी आई म्हणायची, "बिचारीले येत नसन रे. आपण नाही बोलाव." आणि आपली ताटली मात्र न चुकता पाठवायची.

मयतीच्या घरात शिरायची काकूंची पद्धत ठरलेली होती. बाकीचे लोक आधी बाहेरच्या खोलीत बसतात, हात जोडतात, "अचानकच कसं झालं हो," असं विचारतात. काकू सरळ स्वयंपाकघरात. सगळे डबे उघडून बघणार, चहापत्ती किती आहे, साखर पुरेल का, दूध नासलं का. नासलेलं दूध मोरीत ओतून, पातेलं घासून मग त्या बाहेर यायच्या आणि सगळ्यात जास्त जो रडत असेल त्याच्या हातात ताट द्यायच्या. "रडाले ताकद लागते बापा. खा आधी, मंग पोटभर रड. मी काही अडवत नाही तुले." स्वतः कधी बसायच्या नाहीत. खुर्ची पुढे करा, चटई टाका, त्या आपल्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. घरीही ओट्याशी उभ्या उभ्याच जेवतात म्हणे. "बसलं की आपलंच रडू येते," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण होतं.

आणि गेलेल्या माणसाची स्तुती त्यांना सहन व्हायची नाही. आमच्याच ले-आउटमधले खोंडेसर गेले तेव्हाची गोष्ट. दहा-बारा जण त्यांच्या घरी बसले होते आणि सर किती निःस्वार्थी होते, किती व्यवस्थित होते, कुणाचं काही कसं ठेवून घेत नसत, हे एकेक जण सांगत होता. खोंडेबाई भिंतीकडे बघत बसल्या होत्या. त्या तीन दिवसांत ना रडल्या होत्या ना धड बोलल्या होत्या. काकू चौकटीतून म्हणाल्या, "माझी कैची नेली होती सरनं. पाच वर्षं झाले. चार वेळा मागतली तं म्हणे, कोणती कैची?"

सरांच्या भावाचा चेहरा लाल झाला. खोंडेबाईंनी मात्र मान वळवली. "हिरव्या मुठीची?" त्यांनी विचारलं. "हाव, हिरव्याच मुठीची." बाई उठल्या, आतल्या कपाटाचा खालचा खण ओढून तो तसाच उचलून बाहेर घेऊन आल्या. त्यात काकूंची कैची होती. शिवाय आमची पक्कड होती, बोरकरांचा स्क्रू ड्रायव्हर होता, एक छत्री होती आणि गणेशमंडळाची दोन वर्षांपूर्वी हरवलेली पावतीपुस्तकं होती. जो तो आपापली वस्तू ओळखायला लागला. बाई म्हणाल्या, "मी म्हणायची ना, अहो, देऊन या. तर मलाच म्हणायचे, तुला व्यवहार कळत नाही." आणि बोलता बोलता त्यांना जे हसू फुटलं त्याचं मध्येच कधी रडू झालं ते कुणालाच कळलं नाही. काकूंनी लगेच ताट पुढे केलं.

नंतर मी त्यांना म्हटलं, "काकू, निदान त्या दिवशी तरी कैची काढायला नको होती." तर म्हणाल्या, "लोक त्या माणसाले देव करून राहिले होते गा. देवाची काय याद येईन तिले? तिचा नवरा तं कैचीचोर होता. त्याची याद आली म्हून रडली ती." मी हसलो. हे शहाणपण एक दिवस आपल्याच घरात चौकटीला टेकून उभं राहणार आहे, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. सकाळी छातीत दुखतं म्हणाली, रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात नेलं, तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे तिची चप्पल पिशवीत घालून परत आलो. दोघे म्हणजे मी आणि बाबा. मी बत्तीसचा, लग्न न झालेला, रामदासपेठेतच एका ऑफिसात कामाला. बाबा खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी बॉयलर सांभाळला. ज्यात अख्खं घर मावेल एवढ्या भट्टीसमोर उभा राहिलेला हा माणूस, घरातला गॅस पेटवायला मात्र घाबरायचा. चहासुद्धा आईनेच करायचा.

स्मशानातून आल्यावर बाबा स्वयंपाकघरात गेले आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून आले. त्या घरात पुढे काही पेटलंच नाही. तेरवीपर्यंत प्रश्न नव्हता, नातेवाईक होते, शेजाऱ्यांचे डबे होते. ढोबळेकाकूंचा डबा तर पहिल्याच दिवशी आला, त्यात झुणका-भाकर होती. ती कशी होती ते मला सांगता येणार नाही, कारण त्या दिवशी माझ्या जिभेला कशाचीच चव नव्हती. पण सहाव्या-सातव्या दिवशी चव परत आली आणि लक्षात आलं की काकूंच्या वरणात मीठच नाही. आठव्या दिवशी ते होतं, आणि आदल्या दिवशीचंही त्यातच होतं.

तेरवी झाली. पाहुणे गेले. शेजारच्यांचे डबे एकेक करून थांबले, तसे ते थांबतातच, त्यात कुणाचा दोष नाही. मी बाबांना म्हटलं, मेसचा डबा लावू. हे काकूंनी ऐकलं. "मेस कायले? मी मेली काय?" त्या म्हणाल्या. बाबांनी हात जोडले. दुःखात घरी आलेलं अन्न नाकारायचं नाही, ही त्यांची समजूत पक्की. तिथेच आम्ही फसलो.

त्यानंतर जे काही आम्ही खाल्लं ते आठवलं की अजून पाणी प्यावंसं वाटतं. वांगी बाहेरून करपलेली, आतून कच्ची. भातात खडे. पोळ्या अशा की मोडल्या तर आवाज यायचा. भाजीत मिठाचा मारा. काकू समोर चौकटीला टेकून उभ्या, डोळे बारीक करून विचारणार, "कशी झाली भाऊजी? थोडं तिखट कमी वाटते काय?" बाबा घास गिळून म्हणणार, "छान आहे." त्यांच्या कपाळावर घाम. डबा परत करताना बाबा घासून, पुसून, त्यात मूठभर साखर घालायचे. दुसऱ्याचं भांडं रिकामं पाठवायचं नाही, हा आईचा नियम होता आणि आईच्या नियमांपैकी तेवढा एकच त्यांना पाळता येत होता.

बाकी त्यांनी काही करणं सोडलं होतं. सकाळी उठून दाराशी खुर्ची टाकून बसायचे, दुपारी तिथेच, संध्याकाळी तिथेच. पेपर आणून द्यावा तर घडी तशीच. रडलेही नव्हते. मला खरी भीती त्याची होती. आई गेली ते डोळ्यांसमोर गेली, पण बाबा खुर्चीत बसल्या बसल्याच जाऊन राहिले होते आणि मला काही करता येत नव्हतं. ऑफिसातून फोन केला की विचारायचो, "जेवलात?" पलीकडून "हो" यायचं, आणि मग दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही, कारण पुढचं बोलणं नेहमी आई करायची.

तेरवीला तीन आठवडे उलटले असतील. रविवार होता. काकू आल्या, डबा उघडला. गोळ्यांची कढी. ही माझ्या आईची खास गोष्ट. भिजवलेली चण्याची डाळ जाडसर वाटून, तिचे गोळे उकळत्या कढीत सोडायचे. पाहुणे मागून मागून प्यायचे. काकूंच्या कढीत पाणी एका बाजूला आणि ताक दुसऱ्या बाजूला होतं. गोळे तळाशी बसले होते. मी एक घोट घेतला. समुद्राचं पाणी मी एकदाच चाखलंय, ते याहून बरं होतं. बाबांनीही घेतला. आणि काकू चौकटीतून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आज तं बापा अगदी मालतीबाईसारखीच झाली."

बाबांनी वाटी खाली ठेवली. "कोणासारखी?"

"मालतीबाईसारखी. सेम टू सेम. त्याइच्या हातालेही असंच मीठ होतं ना?"

बाबा उठले. एवढ्या दिवसांत मी त्यांना असं ताडकन उठताना पाहिलं नव्हतं. "ढोबळेबाई," ते म्हणाले, "तुम्ही आमच्यासाठी लय केलं. पण मालतीच्या नावावर हे खपवू नका. चाळीस वर्षं मी तिच्या हातची कढी प्यालो. ही कढी नाही हो! ही... ही बॉयलरमधल्या राखेचं पाणी आहे!"

"मंग तुमीच करून दाखवा," काकू म्हणाल्या, डबा उचलला आणि दुपट्टा गुंडाळत निघून गेल्या. गेटातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, बाई दुखावली.

बाबा स्वयंपाकघरात गेले. रेग्युलेटर फिरवल्याचा आवाज आला. मग भांडी पडल्याचा. मग मला हाक. "अमोल, कागद-पेन आण!" पुढचे दोन तास त्यांनी घरात वीजकेंद्राची पाळी चालवली. मी भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ सांगायची आणि ते जे करतील ते लिहायचं, प्लांटमध्ये लॉगशीट भरतात तसं. तो कागद अजून आहे. 'सव्वाअकरा, तेल तापले. अकरा सतरा, मोहरी. अकरा अठरा, मोहरी जळाली. अकरा वीस, तेल बदलले.' डाळ गरम पाण्यात कशीबशी भिजवलेली, आणि गोळे त्यांनी उकळी यायच्या आधीच सोडले, त्यामुळे ते विरघळले. ढवळायचं राहिलं म्हणून कढी फुटली. शेवटी पिवळ्या पाण्यात डाळीचा चुरा असं काहीतरी तयार झालं आणि आम्ही ते भाताबरोबर जेवायला बसलो.

बाबांनी दोन घास खाल्ले. "तिच्यासारखी नाही झाली," म्हणाले. मी म्हटलं, पहिलाच दिवस आहे. ते म्हणाले, "चाळीस वर्षं जेवलो रे मी. एकदाही विचारलं नाही तिले, की गोळे कधी सोडते." आणि ते रडायला लागले. पाठीवर हात ठेवायला गेलेला मीही. कढी तशीच ताटात निवत राहिली. नंतर आम्ही ती गरम करून संपवली.

दुसऱ्या दिवशी काकूंचा डबा आला नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनीच, कालच्यापेक्षा बऱ्या झालेल्या कढीचा एक छोटा डबा भरला आणि मला म्हणाले, देऊन ये, जास्त बोललो त्या दिवशी.

काकूंचं दार लोटलेलं होतं. आतून असा वास येत होता की मी चुकीच्या घरी आलो की काय, असं वाटलं. कढईत कोथिंबिरीची सांबारवडी तळून निघत होती, बाजूला भरल्या वांग्याला तेल सुटलं होतं. ओट्यावर चार पुडांचा डबा उघडा. आमच्या कोपऱ्यावर गांधीबागेत कापडाचं दुकान असलेलं एक कुटुंब राहतं, त्यांचे वडील नुकतेच गेले होते, डबा त्यांच्यासाठी असणार. काकू माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांनी वांग्याचा रस बोटावर घेऊन चाखला, समाधानाने मान हलवली, त्यातलं एक वांगं स्वतःसाठी ताटलीत काढलं. उरलेली भाजी डब्यात ओतली, आणि मग मिठाच्या बरणीत हात घालून एक मूठ, दोन मुठी, सावकाश वरून पेरल्या.

"काकू!"

त्या दचकल्या नाहीत. वळल्या, मला पाहिलं, दार पाहिलं. "कडी लावाची राहून गेली," एवढंच म्हणाल्या.

"हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"आज सोळावा दिवस हाय त्याइचा. आधी थोडं कमी-जास्त करून पाहाचं, पण सोळाव्या दिवशी मुठीनं मीठ टाकाच लागते."

मी त्यांच्या ताटलीतलं वांगं उचलून तोंडात टाकलं. तसं वांगं मी आजवर खाल्लेलं नाही, आईची क्षमा मागून सांगतो. माझा चेहरा बघून काकूंना हसू आवरेना. मग त्या ओट्याला टेकल्या आणि हसू ओसरल्यावर जे बोलल्या ते मी त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"मी नऊ वर्षांची होती, माय गेली. काटोलच्या अंगाले गाव होतं आमचं. लोक लय चांगले होते गा. रोज कोणी ना कोणी डबा आणे. एकापेक्षा एक. कोणी भरीत आणे, कोणी पुरणाची पोळी. बाबा बसून खाये, मीबी खाये. दोन महिने चूल पेटवाचं कामच नाही पडलं. मंग एक एक डबा बंद झाला, लोक तरी किती करतीन? अन् तवरोक बाबाची उठाची सवयच मोडून गेली होती. मले मामाच्या घरी धाडलं, बाबा आपल्या भावाकडे, मोठ्याबाबाच्या घरी, जाऊन पडले. घराले कुलूप लागलं ते लागलंच." त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "त्यातल्या एकीनं तरी खारट केलं असतं तं आमचं घर राह्यलं असतं."

मी बाबांचा छोटा डबा पुढे केला. त्यांनी झाकण उघडलं, कढी हुंगली, म्हणाल्या, "हिंग जास्त हाय. पण माणूस उठला." मग एकदम बोट रोखून, "भाऊजीले सांगजो नको. कोणालेच सांगजो नको. माह्या हाताले चव हाय हे लोकाइले माहीत झालं तं मीठ टाकलेलं लगेच समजन. मंग कोणीच उठणार नाही."

मी शब्द दिला आणि तो पाळणं फार कठीण गेलं. कारण इकडे बाबा स्वयंपाकात असे काही रमले की विचारू नका. दोन महिन्यांत त्यांची कढी जमली, चारात भाकर फुगायला लागली. लॉगशीटचे कागद जाऊन वही आली. आणि नवशिक्याला येतो तसा त्यांना माज आला. एक दिवस म्हणाले, "ढोबळेबाईंचं मन मोठं आहे रे. पण हात! एवढ्या वर्षांत साधी फोडणी कोणी शिकवली नाही बिचारीले. मी शिकवतो."

मी हो-नाही करायच्या आत त्यांनी निरोप धाडला, आणि नवल म्हणजे काकू आल्याही. बाबांनी ओट्यापाशी आईचं जुनं स्टूल ठेवलं. "उभ्यानं शिकता येत नाही, बसा. मी चार्जमन होतो तेव्हा नव्या पोरांनाही आधी बसवूनच शिकवायचो." काकूंनी चौकटीकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, आणि बसल्या. त्यांना कुणाच्या घरी बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

दर गुरुवारी हा वर्ग भरायचा. बाबा एका हातात झारा घेऊन सांगायचे, "मोहरी पूर्ण तडतडू द्यायची असते, घाई करायची नाही." काकू डोळे मोठे करून, "असं हाय काय? मी तं थंड्याच तेलात टाकत होती!" बाबा कीव आल्यासारखी मान हलवायचे. "मीठ नेहमी मोजून. अंदाज नवशिक्याचं काम नाही." "हाव, मिठाचीच तं माही गडबड होते भाऊजी." मी हॉलमध्ये पेपर तोंडापुढे धरून बसायचो, कारण काकू मुद्दाम माझ्याकडे बघून एक डोळा मिचकवायच्या. वर्ग संपला की बाबा पहिली गरम भाकर काकूंच्या ताटात वाढायचे, परीक्षा म्हणून. काकू जेवायच्या, बसून, सावकाश, आणि दर वेळी काहीतरी अगदी बावळट प्रश्न विचारायच्या.

याच काळात त्यांनी माझीही चोरी पकडली. आईने शेवटच्या उन्हाळ्यात घातलेल्या मुगवड्यांची बरणी होती. अर्धी. ती संपली की आईच्या हातचं या जगात काही उरणार नव्हतं, म्हणून मी ती कपाटावर, सुटकेसमागे लपवली होती. बाबा शोधून थकले होते. काकूंनी डबे तपासायच्या आपल्या जुन्या सवयीने तिसऱ्याच गुरुवारी ती खाली काढली. "हे काय हाय? कीड लागाची वाट पाहून राहिला काय? किड्याइनं खाल्ल्या म्हंजे तुह्या मायले बरं वाटन?"

मी चिडलो. "संपतील ना, काकू."

"संपाच्यासाठीच घालते बाई वड्या. पाहाच्यासाठी कोणी घालते काय?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "खा बापा. अन् उन्हाळ्यात तू घालजो. पाटा तिचाच हाय, गच्ची तिचीच हाय, अन् ऊन तं नागपूरचं हाय, ते कुठं चाललं?"

त्या रात्री वड्यांची भाजी झाली. एप्रिलमध्ये आम्ही तिघांनी गच्चीवर जुन्या धोतरावर मुगवड्या घातल्या, माझ्या वाकड्या, बाबांच्या एका मापाच्या, आणि काकूंच्या मुद्दाम इतक्या पातळ की वाळल्यावर धोतराला चिकटून बसल्या. बाबांनी त्यांना पुन्हा एकदा पहिल्यापासून समजावलं.

गेल्या दिवाळीनंतर काकूंचा गुडघा अगदीच बसला. मोपेड चालवणं बंद झालं आणि मुलगा त्यांना हैदराबादला न्यायला आला. निघायच्या सकाळी आम्ही दोघे त्यांच्या गेटवर गेलो. बाबांनी आपली वही, कव्हर घालून, बरोबर आणली होती. "यात सगळं वेळेसकट लिहिलंय. तिकडे सुनेचे हाल नका करू," असं म्हणून त्यांनी ती काकूंच्या हाती दिली. मुलगा गोंधळून एकदा वहीकडे आणि एकदा आईकडे बघत होता. काकूंनी वही कपाळाला लावली. "गोळे उकळी आल्यावरच सोडाचे, लिहिलं हाय ना भाऊजी?" त्यांनी विचारलं. "पहिल्याच पानावर," बाबा म्हणाले.

गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली आणि एक स्टीलचा डबा बाहेर काढला. आमचाच होता, मागच्या गुरुवारचा. "राह्यला होता. घरी जाऊन उघडजा, रस्त्यात नका उघडू." बाबांनी तो हातात घेतला. तो चांगला जड होता. काकूंनी माझ्या गालाला हात लावला, दुपट्टा नाकावर ओढून घेतला आणि गाडी निघाली.

बाबांना कुठला धीर. गाडी अजून बोरकरांच्या घरापाशीही पोचली नव्हती, त्यांनी झाकण काढलं. डबा काठोकाठ मिठाने भरलेला होता.

आता या माणसाला काय सांगावं? वर्षभर ज्यांना फोडणी शिकवली त्यांनी आपल्याला बनवलं, हे कळल्यावर बाबा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले तर? पण बाबा मिठाकडे बघून हसत होते. "कबूल झाली एकदाची!" ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीचा झुणका मी खाल्ला होता ना गा. तुले चव नव्हती, मले होती. असा झुणका करणारी बाई आठ दिवसांत मीठ विसरते काय? तेव्हा डोक्यात नाही आलं, पण त्या कढीनंतर आलं."

"मग वर्षभर शिकवत काय होतात?"

बाबांनी झाकण लावलं. "साऱ्या गावाले वाढत फिरते ती बाई. तिले कोणी कधी बसवून गरम वाढलं असन? ये जेवाले म्हटलं असतं तं आली असती काय ती?"

गाडी वळणावर हळू झाली होती. बाबांनी डबा दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून धरला, काकूंना दिसावा म्हणून. मागच्या काचेतून पांढऱ्या दुपट्ट्यातलं ते डोकं आमच्याकडे वळलेलं होतं. तोंड झाकलेलंच होतं, पण खांदे गदगदा हलत होते. त्या हसताहेत की रडताहेत, हे एवढ्या लांबून कळायला मार्ग नव्हता. मग गाडी कोराडी रोडला लागली आणि आम्ही घरी येऊन त्यातलंच मीठ, मोजून, वरणात घातलं.